गंजलेली आठशे: ठेवू की देऊन टाकू?

आठशेवाला | १४ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

बाबांनी १९९६ च्या दसऱ्याला घेतलेली मारुती ८०० अजून माझ्याकडे आहे. पांढरी, चार गिअरची, कार्बोरेटरवाली. तेव्हा आम्ही डिचोलीला (गोवा) राहायचो. इंजिनाबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. एक लाख बेचाळीस हजार किलोमीटर झाले, एकदाही खोललेलं नाही. भर पावसात चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला सुरू.

दुखणं पत्र्याचं आहे. २०१४ साली मांद्रेला घर बांधलं, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर काहीतरी नवीन निघतं. आधी दारांच्या खालच्या कडेला फोड आले, मग मागच्या चाकांच्या कमानी, मग डिकीचा तळ. दोनदा टिंकरिंग-पेंटिंग करून घेतलं. गेल्या आठवड्यात मागची मॅट उचलली तर ओल्या कार्पेटमधून भाताचं रोप आलेलं! खोटं नाही सांगत, चांगलं बोटभर. मे महिन्यात गाडीतून बियाण्याचं पोतं आणलं होतं, त्यातले दाणे सांडले असणार. मुलगी खूश, "बाबा, गाडीत शेत!" मी रोप उपटलं तर मुळांबरोबर पत्र्याचा तुकडा हातात आला आणि खालची लाल माती दिसायला लागली.

गाराजात नेली. मेस्त्रीने जॅक लावला. जॅक वर गेला, गाडी होती तिथेच. म्हणाला, "पात्रांव (मालक), हो पत्रो न्हय, पापड हो."

खर्च साठ हजार सांगितलाय, वर "गॅरंटी ना". ऑक्टोबरात आरसीचं नूतनीकरण येतंय. बायको म्हणते देऊन टाक. आई काहीच म्हणत नाही, ते जास्त जड जातं. बाबा २०१९ ला गेले.

तर विचारायचं असं की इतका सडलेला पत्रा कुणी खरंच वाचवलाय का? आणि ज्यांनी गाडी दिली त्यांनी नेमकी कुठे, कशी दिली?

कोकम सोडा | १४ जून, रात्री १०:५५

बाकी नंतर बोलू. ते रोप ज्योती जातीच्या भाताचं होतं की जयाच्या? खाऱ्या गाडीत कोरगुट लावा, खाजनातलं म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतातलं भात आहे, मीठ सोसतं.

तेरेखोलचा वारा | १४ जून, रात्री ११:२०

हसून हसून पुरेवाट, कोकम!

आठशेवाला, आमची केरीला व्हॅन होती. किनाऱ्यापासून दोनशे मीटर. सहाव्या वर्षी सरकता दरवाजा सरकायचा बंद झाला आणि आठव्या वर्षी उघडाच पडला, म्हणजे अक्षरशः पडला, रस्त्यावर. मागे दुचाकी नव्हती हे नशीब. तुम्ही बारा वर्षं काढलीत म्हणजे गाडी चिवटच म्हणायची.

सडेतोड सत्तरी | १५ जून, सकाळी ७:१०

मला कळत नाही यात प्रश्न काय आहे. साडेसहाशे किलोचं लोखंड आहे, त्यातलं शंभर किलो आधीच हवेत उडून गेलंय. साठ हजारांत बऱ्यापैकी सेकंड हँड गाडीचा अर्धा पैसा निघतो. वडिलांची आठवण गाडीत नसते हो. माझ्या वडिलांची लूना आम्ही विकली तेव्हा मला काहीही वाटलं नव्हतं.

सातेरीची लेक | १५ जून, सकाळी ९:३२

@सडेतोड, लूना विकून किती वर्षं झाली? आणि अजून तुम्हाला आठवतंय की काही वाटलं नव्हतं ते. :)

आमच्या घरी पद्मिनी गाडी होती, फोंड्याला. समुद्र लांब, त्यामुळे आम्ही निर्धास्त. पण घर कुळागरात. सुपारीची झाडं, दिवसभर सावली, जून ते ऑक्टोबर गाडीला ऊन म्हणून नाही. वरून पालापाचोळा. काचेच्या खाली जिथे वायपर असतात त्या खाचेत तो कुजून त्याचं खतच झालेलं. पाणी जायची भोकं बुजली आणि सगळं पाणी आत, पायांशी. तेव्हा मीठ नसलं तरी गंज येतोच, फक्त चालत येतो. तुमच्याकडे तो पळत आला.

सासऱ्यांनी ती २०११ ला एकाला "ठीक करून घेईन" म्हणाला म्हणून जवळजवळ फुकट दिली. दोन वर्षांनी ती उसगावच्या बाजूला एका शेडमागे दिसली, कोंबड्या आत. सासरे रोज त्या रस्त्याने जायचे, त्यानंतर वळसा घालून जायला लागले. म्हणून एक सांगते. देणार असाल तर तोडणाऱ्यालाच द्या. "मी सांभाळतो" म्हणणाऱ्याला देऊ नका.

पोदेराची सायकल | १५ जून, सकाळी १०:०५

कोंबड्यांच्या बाजूनेही विचार व्हावा.

चौदाचा पाना | १५ जून, रात्री ९:४८

माझं गाराज आहे, गाव सांगत नाही, नाहीतर जाहिरात म्हणाल. तीस वर्षं पत्र्यातच काढलीत म्हणून थोडं लांब लिहितो.

पहिली गोष्ट, लोक फोड बघून घाबरतात आणि जिथे घाबरायचं तिथे बघत नाहीत. दाराची कड, चाकाची कमान हे दिसायला वाईट पण माणूस त्याने मरत नाही. बघायचं ते असं. बॉनेट उघडा. पुढच्या शॉकअपचं वरचं टोक जिथे बोल्टने धरलंय तो टोप बघा. रंग सोलून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. "टण्ण" आला तर जीव आहे. "थप" आला तर आत काही उरलेलं नाही, लांबीने (पुट्टीने) आणि रंगाने धरलंय. मग टोकाने टोचा. टोक आत गेलं तर तिथून पुढे मला विचारू नका, गाडी उभी करा.

तसंच रनिंग बोर्ड, म्हणजे दाराखालचा आडवा पोकळ पत्रा. जॅक तिथेच लागतो. ८०० ला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, हा डबाच तिची चासी. खालचा पत्रा आणि रनिंग बोर्ड गेले म्हणजे कणाच गेला. नवीन सीट लावा, नवीन टायर लावा, उपयोग शून्य. सीटबेल्टचा खालचा बोल्टही त्याच पत्र्यात असतो, त्याला दोन्ही हातांनी हिसका देऊन बघा.

आणि कुणी बघत नाही अशी एक जागा म्हणजे मागच्या ब्रेकला जाणारी लोखंडी नळी. गाडीच्या पोटाखालून जाते. बाहेरून चिखल लागलेला असतो, आत ती कागदासारखी झालेली असते. रोजच्या ब्रेकला टिकते आणि ज्या दिवशी जोरात दाबता त्याच दिवशी फुटते.

आता वेल्डिंगचं. चांगल्या पत्र्याला चांगला पत्रा जोडता येतो. पापडाला पत्रा जोडता येत नाही. सीओटू वेल्डिंगचा चटका लागला की भोक मोठं होतं, ते बुजवायला मोठा तुकडा, त्याच्या कडेला पुन्हा भोक. पंधरा हजारांत करून देणारा आहे, तो आतून फायबरची जाळी चिकटवून वर काळं अंडरकोटिंग फवारेल. दिसायला झकास. दोन पावसाळ्यांनी तुम्ही त्याला शिव्या घालाल आणि तो म्हणेल समुद्राचं वारं.

साठ हजार सांगणारा आणि गॅरंटी नाही म्हणणारा माणूस खरं बोलतोय, एवढं सांगतो.

आठशेवाला | १५ जून, रात्री १०:३०

पाना बाब, ठोकून आलो. टॉर्च घेऊन, भर पावसात. डावा टोप टण्ण. उजवा थप.

टोचायचं धैर्य झालं नाही.

कोकम सोडा | १५ जून, रात्री १०:३३

:(

नवा पाव | १६ जून, दुपारी १:१५

बाजारात इलेक्ट्रॉनिक गंजरोधक मिळतो ना? बॅटरीला जोडायचा, गाडीत सूक्ष्म करंट सोडतो, गंज थांबतो. ऑनलाइन छान रिव्ह्यू आहेत.

गोदीतला माणूस | १६ जून, संध्याकाळी ६:०२

नवा पाव, वास्कोला जहाजबांधणीत आयुष्य गेलं म्हणून यावर बोलतो.

जहाजाच्या बुडाला आम्ही जस्ताच्या वड्या लावतो, साबणाच्या मोठ्या वडीसारख्या. जस्त लोखंडापेक्षा लवकर झिजतं, ते स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. दर गोदीवारीला झिजलेल्या वड्या काढायच्या, नव्या लावायच्या. करंट सोडायची पद्धतही जहाजांना असते. पण हे सगळं चालतं कारण बूड पूर्ण वेळ समुद्राच्या पाण्यात असतं. वडी, पाणी आणि लोखंड असा फेरा पूर्ण होतो. तुमची गाडी हवेत उभी आहे. फेराच पूर्ण होत नाही, मग तो डबा कुणाला वाचवणार? गाडी खाडीत बुडवून ठेवणार असाल तर जस्त लावा, मी स्वतः येऊन लावून देतो.

हवेतल्या गाडीला जस्ताचा उपयोग एकाच प्रकारे होतो, पत्र्यावर आधीच चढवलेलं असेल तर. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना तसा पत्रा वापरतात. आपल्या जुन्या गाड्यांना नुसता रंग, आणि रंगाला एक ओरखडा पुरतो.

मीठ काय करतं ते घरातच बघा. जुलैत मिठाची बरणी उघडी राहिली की पाझरते ना? तेच मीठ वाऱ्याबरोबर पत्र्याच्या सांध्यांत बसलेलं असतं. बाहेर पाऊस नसला तरी ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि सांधा ओलाच राहतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला आतून ढकलतो आणि तुम्हाला फोड दिसतो. फोड दिसला तेव्हा आत महिनोन्महिने काम चाललेलं असतं.

डिझेल आजोबा | १६ जून, रात्री ८:४०

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. मी मडगावचा, वय ७८. लहानपणी मडगावला पोर्तुगीज अमदानीतल्या मर्सिडीजच्या टॅक्सी धावायच्या, काळ्या, डिझेलच्या. मुक्तीनंतरही कितीतरी वर्षं त्या चालल्या. त्यांचा पत्रा! आमचा शेजारी टॅक्सीवाला बॉनेटवर मासळीची पिशवी ठेवायचा, त्यातून खारं पाणी गळायचं, तरी काही नाही. आता तसा पत्रा नाही.

गोदीतला माणूस | १६ जून, रात्री ९:०५

आजोबा, आदर ठेवून सांगतो, त्याही गंजायच्या. जाड पत्रा सडायला जास्त वर्षं लागतात एवढंच. ज्या सडल्या त्या भंगारात गेल्या, ज्या उरल्या त्या आपल्याला आठवतात.

डिझेल आजोबा | १६ जून, रात्री ९:२०

असेल. पण मासळीची पिशवी मी पाहिलेली आहे.

मांडवीकाठ | १७ जून, सकाळी ८:१५

गंजाचा विषय निघालाच आहे तर अवांतर. ५ जुलै १९८६. मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तो दिवस. पुरता वीस वर्षांचाही नव्हता. काँक्रीट वरून ठीक दिसायचं, आतल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. मी तेव्हा पर्वरीहून पणजीला शाळेत जायचो, नंतर कितीतरी काळ फेरीबोटीने. पाना बाबनी लिहिलेलं "थप" वाचून तेच आठवलं. पुलाला कुणी स्क्रूड्रायव्हरने ठोकलं नसावं.

पोदेराची सायकल | १७ जून, सकाळी ८:४०

आणि कांदोळीची रिव्हर प्रिन्सेस? २००० च्या जूनमध्ये खनिजाचं जहाज वाळूत रुतलं आणि दहा-अकरा वर्षं तिथेच गंजत राहिलं. माझ्या लहानपणीच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या फोटोंत मागे ते आहे. बहिणीच्या साखरपुड्याच्या फोटोतसुद्धा. आठशेवाला, तुम्ही निर्णय घ्यायला तेवढी वर्षं लावू नका.

सातेरीची लेक | १७ जून, सकाळी ११:००

मुळात आपली मातीच गंजलेली आहे. जांभ्याचा चिरा लाल कशामुळे? लोखंडाच्या गंजामुळेच. डिचोलीच्या खाणीतून लाल खनिज बाहेर गेलं, कुठेतरी त्याचं पोलाद झालं, पोलादाची गाडी झाली, गाडी डिचोलीला आली, आणि आता मांद्रेच्या अंगणात परत लाल माती होतेय.

सडेतोड सत्तरी | १७ जून, सकाळी ११:२०

ताई, खाणी इतकी वर्षं बंद राहिल्या, निदान कुणीतरी खनिज परत आणतंय म्हणा.

घाटावरचा | १७ जून, दुपारी ३:३३

मी बेळगावचा. आमच्याकडे जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न, "गोव्याची नाही ना?" राग मानू नका. पासिंग गोव्याचं दिसलं की माणूस आधी खाली वाकून बघतो.

पण आठशेवाल्यांना एक मार्ग सुचवतो. इकडे कोरड्या भागात ९०-९५ च्या सालातल्या ८०० पडून असतात, इंजिन मेलेलं पण पत्रा ठणठणीत. असा डबा घ्या, तुमचं इंजिन-गिअरबॉक्स त्यात बसवा. माझ्या मित्राने केलंय.

चौदाचा पाना | १७ जून, रात्री ९:१०

कल्पना चांगली, पण कागद बघा. चासी नंबर डब्यावर ठोकलेला असतो. म्हणजे डबा बदलला की कायद्याने ती बेळगावची गाडी, तिच्यात तुमचं इंजिन. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत परवानगी घेऊन करता येते. पण काही शहाणे काय करतात, जुन्या डब्यावरचा नंबराचा तुकडा कापून नव्यावर वेल्ड करतात. ते कुणी सुचवलं तर हात जोडून बाहेर पडा. तो सरळ गुन्हा आहे, आणि पकडला की गाडी चोरीची धरतात.

म्हणजे हा मार्ग धरला तरी बाबांची गाडी कागदावर जाणारच. राहील ते इंजिन.

कागदी घोडा | १८ जून, सकाळी १०:२५

कागदाचा विषय निघाला म्हणून आलो. वर कुणी म्हटलं नाही पण प्रत्येक धाग्यात कुणीतरी म्हणतं, म्हणून आधीच: पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालायलाच हवी, असा नियम गोव्यात नाही. दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल ही भानगड दिल्लीकडची. आपल्याकडे खासगी गाडी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी पुढे नेता येते.

आठशेवाला, तुमची १९९६ ची, म्हणजे २०११, २०१६, २०२१ अशी तीनदा झाली असणार. मागच्या वेळी फी सहाशे भरली असेल. ते विसरा. एप्रिल २०२२ पासून कारला पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला दहा हजार. तपासणीत खालचा पत्रा बघितला तर पास होणार नाही. न बघता पास झाली तर ते जास्त वाईट, हे माझं मत.

काढायची ठरली तर नुसती भंगारवाल्याला देऊन हात झटकू नका. आरसी रद्द करून घ्या. गाडी वापरण्याजोगी राहिली नाही की मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. चासी नंबराचा कापलेला तुकडा आणि नंबरप्लेटी मागतात. हे केलं नाही तर उद्या तुमच्या नंबराची गाडी कुठेतरी फिरेल आणि नोटीस तुमच्या दारात. नोंदणीकृत भंगार केंद्रात दिलीत तर जमा प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या खासगी गाडीच्या रस्ताकरात २५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायची तरतूद केंद्राच्या नियमात आहे.

नवा पाव | १८ जून, सकाळी १०:४०

कागदी घोडा, उपयुक्त माहिती. तो गंजरोधक ऑर्डर केला होता, रद्द करतोय.

आठशेवाला | १९ जून, रात्री ११:५०

सगळ्यांचे आभार. आज एक कबुली देतो, कारण तीन दिवस मनात घोळतंय.

सातेरी ताई आणि गोदीतले काका, तुमचे प्रतिसाद वाचून पोटात खड्डा पडला. आम्ही मांद्रेला आलो तेव्हा बाबांनी शेडसाठी पैसे बाजूला काढले होते. मी म्हटलं शेड कशाला, चांगलं कव्हर घेऊ. म्हापशाहून जाड प्लास्टिकचं आणलं. दर जूनमध्ये गाडी धुऊन, पुसून, कव्हर घालून चारी बाजूंनी दोरीने बांधायचो. वारं आत शिरू नये म्हणून खाली विटा. मला वाटायचं मी तिला जपतोय. गणेश चवथीला कव्हर काढलं की आतून पाणी टपकायचं आणि मी म्हणायचो, बघा, किती पाणी बाहेर अडवलं.

गोदीतला माणूस | २० जून, सकाळी ६:३०

ते पाणी बाहेरचं नव्हतं.

चौदाचा पाना | २० जून, सकाळी ८:००

पात्रांव, तुम्ही गाडीची पातोळी केलीत. हळदीच्या पानात गुंडाळून वाफेवर.

पण स्वतःला एवढं लावून घेऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले सात जण हेच करतात. उघडी उभी केली असती तर जास्त टिकली असती, पावसाच्या गोड्या पाण्याने निदान मीठ तरी धुतलं असतं. शेड हवी, चारी बाजूंनी मोकळी. आणि कव्हर घालायचंच तर हवा जाणाऱ्या कापडाचं, तेही कोरड्या गाडीवर.

शिवाय डिचोलीहून गावाला, मांद्रेला, कसे यायचात? चोपड्याचा पूल व्हायच्या आधी?

आठशेवाला | २० जून, सकाळी ८:२०

शिवोलीहून फेरीने. चवथीला गणपती मागच्या सीटवर, आईच्या मांडीवर. भरती-ओहोटीप्रमाणे रॅम्पवर कधी कधी चाकं अर्धी पाण्यात जायची, बाबा तेव्हा "देवा सांभाळ" म्हणायचे.

चौदाचा पाना | २० जून, सकाळी ८:२६

झालं तर. ते खाडीचं खारं पाणी. सुरुवात तेव्हाच झाली, कव्हर एकट्याचा दोष नाही.

सडेतोड सत्तरी | २० जून, सकाळी ९:१५

मी आधी जे लिहिलं ते जरा जास्त झालं. लूनाचं पेडल अजून माझ्याकडे आहे. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवतो. बस.

सातेरीची लेक | २० जून, सकाळी ९:१८

माहीत होतं!

आठशेवाला | ९ ऑगस्ट, रात्री १०:१०

धागा वर काढतोय. गाडी गेली.

मधल्या काळात उजवा टोप टोचला. पूर्ण पातं आत गेलं. तरी मी जुलैचे तीन आठवडे काही केलं नाही. शेवटी आईच म्हणाली, "तुझ्या बाबांनी ती देव आणायला घेतली होती. त्यात नातीला बसवून काही झालं तर ते मला काय म्हणतील?" त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

घाटावरच्यांचा मार्ग धरायचा विचार केला, पण मला दुसऱ्या डब्यात आमचं इंजिन नको होतं. इंजिन-गिअरबॉक्स डिचोलीच्या एका माणसाने घेतलं, त्याची स्वतःची ८०० आहे, रोज चालवतो. डबा तोडणाऱ्याकडे गेला. सगळे मिळून एकोणतीस हजार आले. पाना बाबनी सांगितलं तसं चालवत न नेता क्रेनवर नेली. मागच्या ब्रेकची नळी बघितली, बोटाने दाबली तर चुरा झाला. ती नळी घेऊन मी मे महिन्यात चोर्ला घाट उतरलो होतो, मुलगी मागे.

सीट काढताना मी तिथेच उभा होतो. मागच्या सीटखाली निघालेल्या वस्तू: एक रुपयाची नाणी अकरा, वाळलेला अबोलीचा वळेसर (गजरा), मुलीच्या बाहुलीचा एक हात, आणि गोदरेजच्या कपाटाची किल्ली. ही किल्ली २०१३ साली हरवली होती. तेव्हा बाबांनी घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला होता, माझ्यावर सगळ्यात जास्त.

पोदेराची सायकल | ९ ऑगस्ट, रात्री १०:२१

म्हणजे आता कपाट उघडणार?

आठशेवाला | ९ ऑगस्ट, रात्री १०:२५

कुलूप तेव्हाच फोडून बदललं. पण आईने किल्ली धुऊन, खोबरेल लावून कपाटातच ठेवली आहे.

कागदी घोडा | १० ऑगस्ट, सकाळी १०:००

चासीचा तुकडा घेतलात ना? चौदा दिवस लक्षात ठेवा.

आठशेवाला | १० ऑगस्ट, सकाळी १०:१२

घेतला. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय, सोमवारी नेतो. तेवढाच तुकडा काय तो गंजलेला नाही.

कोकम सोडा | १० ऑगस्ट, सकाळी १०:३०

आणि भाताचं रोप?

आठशेवाला | १० ऑगस्ट, सकाळी १०:४१

मुलीने एका रिकाम्या डब्यात लावलंय. गुडघ्याएवढं झालं. ज्योती आहे म्हणतात.

वागातोरची झेन | २ सप्टेंबर, दुपारी ४:०५

नमस्कार, धागा उशिरा सापडला, सगळा वाचून काढला. माझ्याकडे २००१ ची झेन आहे. मागच्या उजव्या चाकावर नाण्याएवढा फोड आलाय, बाकी गाडी एकदम छान. घाबरण्यासारखं आहे का? फोटो टाकू का?

चौदाचा पाना | २ सप्टेंबर, रात्री ९:३०

फोटो नको. स्क्रूड्रायव्हर घ्या, मुठीने ठोका आणि आवाज कसा आला ते लिहा.